इटलीच्या वाल दोर्चात दोघांनी सायकलवर एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टस्कनीतल्या वाल दोर्चा, म्हणजे ओर्चा नदीच्या खोऱ्यात जोडीनं सायकल चालवण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आधीचे प्रश्न पहिल्यांदा जाणाऱ्यांचे आहेत, पुढचे अडनिड्या प्रसंगांचे. दोघांनी दिवसभर बरोबर राहायचं, नीट जेवायचं आणि उजेडात परत यायचं, हे धरूनच सगळी उत्तरं दिली आहेत. ज्यांना मुख्यतः अंतर कापायचं आहे, त्यांना यातलं बरंच काही संथ वाटेल.

१. इटली एवढी मोठी आहे, मग वाल दोर्चाच का?

कारण इथली गावं एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. एका गावातून निघालं की पुढचं गाव टेकडीवर दिसायला लागतं, आणि प्रत्येक गावात कॉफीचा बार, नळ, बाक आणि सावली असते. जोडीनं जाणाऱ्यांना हे फार उपयोगी पडतं, कारण दोघांपैकी कुणालाही कधीही 'आता थांबू या' म्हणता येतं.

खोरं सिएनाच्या दक्षिणेला आहे, मोंते आम्याता या १७३८ मीटर उंचीच्या डोंगराच्या बाजूला. युनेस्कोनं २००४ मध्ये इथल्या अख्ख्या भूदृश्याला जागतिक वारसा म्हटलं. गव्हाची शेतं, सायप्रसच्या रांगा, टेकडीवरची एकांडी घरं हे सगळं नुसतं निसर्गाचं देणं नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकात सिएनाच्या व्यापाऱ्यांनी आणि राज्यकर्त्यांनी जमीन कशी दिसावी याचा विचार करून ही शेती घडवली. सायकलवरून जाताना तो विचार डोळ्यांना कळतो, कारच्या काचेतून तो निसटतो.

मात्र चढ अजिबात नको असतील तर इथे येऊ नका. लुक्का शहराच्या तटबंदीवरून चारेक किलोमीटरची सपाट, गाड्या नसलेली फेरी मारता येते. दिवसभराचंच हवं असेल तर उत्तरेला डोलोमाइट्समध्ये सान कांदिदोहून ऑस्ट्रियातल्या लीएन्झपर्यंत साधारण ४४ किलोमीटरचा, बराचसा उताराचा सायकलमार्ग आहे आणि परतायला आगगाडी आहे.

२. एका दिवसात किती किलोमीटर धरायचे? आम्ही पुण्यात रविवारी ६०-७० सहज करतो.

तरीही ३०-३५ धरा. पुण्याहून सिंहगडाला जाताना एक मोठा चढ असतो. तो चढलात की झालं. इथे तसं नाही. टेकडीवरून खाली ओढ्यापर्यंत जायचं, पुन्हा वर, पुन्हा खाली, असं दिवसभर चालतं. एकेक चढ छोटा असतो, पण त्यांची बेरीज पायांना जाणवते.

आम्ही सगळ्यांना सुचवतो ती फेरी अशी: सान क्विरिको दोर्चा (४०९ मीटर) इथून निघायचं, पिएन्झाला (४९१ मीटर) जायचं, तिथून खाली ओर्चा नदीच्या खोऱ्यात स्पेदालेत्तो या जुन्या, बुरूज असलेल्या धान्यकोठाराच्या वाड्याकडे उतरायचं, मग बान्यो विन्योनी (३०६ मीटर) आणि शेवटी वर सान क्विरिको. अंगात जोर उरला असेल तर पिएन्झाहून मोंतिक्येल्लोला जाऊन यायचं. त्यानं आणखी १५ ते २० किलोमीटर वाढतात.

मोंतिक्येल्लोच्या खालचा सायप्रसचा नागमोडी रस्ता फोटोंमुळे सगळ्यांना ठाऊक असतो. गावाची दुसरी ओळख तितकीच मोलाची आहे. १९६७ पासून तिथले गावकरी दर उन्हाळ्यात स्वतःच्याच जगण्यावर नाटक लिहितात आणि गावाच्या चौकात स्वतःच करतात.

शेवटच्या टप्प्याबद्दल एक सूचना. बान्यो विन्योनीहून सान क्विरिकोला जाणारा सरळ रस्ता म्हणजे जुना कास्सिया मार्ग. अंतर पाचेक किलोमीटरच, पण त्यावर ट्रक असतात. विन्योनी आल्तो या वाडीवरून जाणारा कच्चा रस्ता जास्त चढाचा आहे, पण शांत आहे. दमला असाल तर तिथे सायकल हातात धरून चाला. आम्ही तोच घेतो.

३. कोणत्या महिन्यात जावं?

मे महिना सगळ्यात चांगला. गहू हिरवा असतो, कडेला लाल पॉपी फुललेली असतात आणि ऊन सोसवतं. त्यानंतर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. तेव्हा शेतं नांगरलेली असतात, जमीन राखाडी-तपकिरी दिसते, द्राक्षांची तोडणी चालू असते. जून संपताना आणि जुलैत सूर्यफुलं मिळतात, पण दुपारचं ऊन महाराष्ट्रातल्या एप्रिलची आठवण करून देतं आणि या रस्त्यांवर झाडांची सावली फारशी नाही. ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्टला इटलीत मोठा सण असतो आणि त्याच्या आजूबाजूला अख्खा देश सुट्टीवर असतो.

ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर दिवसाची लांबी बघा. महिन्याच्या मध्याला साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर पाच-सव्वापाचलाच अंधारून यायला लागतं.

४. सान क्विरिकोला पोचायचं कसं?

गावाला रेल्वे स्टेशन नाही. फ्लॉरेन्सहून सिएनापर्यंत आगगाडी आणि पुढे बस, हा नेहमीचा रस्ता. रविवारी आणि सणाच्या दिवशी बसफेऱ्या खूपच कमी असतात, म्हणून आदल्या दिवशीच पोचून मुक्काम करा. सकाळी शहरातून निघून, पोचून, सायकल घेऊन, फिरून संध्याकाळी परत, हा बेत कागदावर जमतो आणि प्रत्यक्षात दिवसभर घड्याळाकडे बघायला लावतो. स्वतःची सायकल आगगाडीतून आणायची असेल तर प्रश्न २० पाहा.

५. कोणती सायकल भाड्यानं घ्यावी?

बारीक टायरची रोड बाइक नको. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर, सोपे गिअर आणि डिस्क ब्रेक असलेली ग्रॅव्हल किंवा हायब्रिड सायकल घ्या. ती दोन-तीन दिवस आधी, दोघांची उंची कळवून राखून ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना तिथल्या मध्यम मापाची सायकलही मोठी होते आणि लहान फ्रेमच्या सायकली दुकानात मोजक्याच असतात.

ताब्यात घेताना तीन गोष्टी स्वतः बघा. सीटची उंची: पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. किट: जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि पंप आहे ना. आणि ब्रेक. आपल्याकडे पुढच्या चाकाचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, इटलीत तो सहसा डाव्या हाताला असतो. सवयीनं डावा ब्रेक जोरात दाबला आणि खाली खडी असली तर पुढचं चाक घसरतं. दुकानासमोरच पाच मिनिटं फिरा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून हाताला सवय करून घ्या.

६. ते पांढरे कच्चे रस्ते नवख्यांना झेपतात का?

झेपतात, उतार सावकाश घेतलात तर. हे चुनखडीच्या बारीक खडीचे, जुने पण निगा राखलेले रस्ते आहेत. सान क्विरिको आणि पिएन्झाच्या मधे विताल्येता नावाचं छोटं देऊळवजा चॅपल आहे, दोन बाजूंना सायप्रसची झाडं. तिकडे असाच रस्ता जातो आणि सराव करायला तो चांगला आहे.

चढताना सीटवर बसून राहा. उभं राहून पेडल मारलं की मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि ते जागच्या जागी फिरतं. उतरताना वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक लावू नका. खडी नेहमी रस्त्याच्या मध्ये आणि कडेला साचते, गाड्यांच्या चाकांनी दबलेल्या दोन पट्ट्या घट्ट असतात, त्या धरून चाला. मागून गाडी आली तर धूळ बसेपर्यंत थांबा. इथे गाडीवाले सहसा वेग कमी करतात, हात वर करून आभार मानलेले त्यांना आवडतात.

पाऊस पडून गेला असेल तर हे सगळं बदलतं, त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

७. आमच्या दोघांचा वेग अजिबात जुळत नाही. दिवसाचं भांडण होईल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो विचारणारे दोघेही असतात. 'नवरा पुढे निघून जातो, मी एकटीच मागे असते' आणि 'बायको दर दोन किलोमीटरवर थांबते, अंग गरमच होत नाही'. मला वाटतं, जोडीचा दिवस बिघडतो तो चढामुळे किंवा उन्हामुळे क्वचितच. तो बिघडतो वाट बघण्याच्या पद्धतीमुळे.

चढावर काय होतं ते बघा. वेगात जाणारा माणूस वर पोचतो, सायकल भिंतीला टेकवतो, पाणी पितो, फोटो काढतो, पाच-सात मिनिटं निवांत बसतो. मागचं माणूस धापा टाकत वर येतं, आणि ते येताक्षणी पहिला उठून म्हणतो, 'चला, निघू या?' म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नव्हती त्याला ती मिळाली आणि ज्याला होती त्याला मिळालीच नाही. दिवसभरात असं आठ-दहा वेळा झालं की संध्याकाळी जेवताना कुणी कुणाशी बोलत नाही.

म्हणून एकच नियम: विश्रांती मोजायची ती मागून येणाऱ्यानं पाय टेकवल्यापासून. निघायचं ते त्यानं किंवा तिनं सांगितल्यावर. सपाटीवर हळू चालवणाऱ्यानं पुढे राहायचं, म्हणजे वेग आपोआप त्याचा होतो आणि मागच्याला शेतं बघायला सवड मिळते. चढावर मात्र प्रत्येकानं आपल्या चालीनं जावं. कुणाच्या तरी चालीला चाल मिळवत चढणं हे जोरात जाण्याइतकंच दमवतं. उतारावरही आपापल्या वेगानं, भेटायची जागा आधी ठरवून. आणि प्रत्येक फाट्यावर पुढच्यानं थांबायचं, मग रस्ता कितीही सरळ दिसो.

सामानाचं वाटपही करा. दोघांचं पाणी, जेवण, पावसाळी जाकिटं आणि हत्यारं वेगात चालवणाऱ्याच्या कॅरिअरला लावली की फरक निम्मा कमी होतो. तरीही अंतर पडत असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

८. एकानं ई-सायकल आणि एकानं साधी घेतली तर चालेल का?

चालेल, आणि बहुतेक जोड्यांना मी हेच सुचवते. ई-सायकल घेणं म्हणजे फसवणूक, ही भावना मनातून काढून टाका. पेडल मारावंच लागतं, मोटर फक्त हातभार लावते. युरोपातल्या नियमानुसार अशा सायकलची मोटर २५० वॉटची असते आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत बंद होते. तेवढ्यात राहिली तर कायद्यानं ती सायकलच धरली जाते, परवाना लागत नाही.

मदतीची सगळ्यात कमी पातळी ठेवून निघा आणि ती चढावरच वाढवा. या फेरीला बॅटरी पुरते, पण मोंतिक्येल्लो जोडणार असाल तर जेवणाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय आहे का ते आधीच विचारा. ही सायकल वजनानं जड असते. उतारावर ती लवकर थांबत नाही आणि पंक्चर काढायलाही जास्त खटपट लागते. हिच्या स्वारानं साध्या सायकलवाल्याच्या पुढे पळू नये, हे प्रश्न ७ मध्ये आलंच आहे.

९. टँडेम घ्यावी का? दोघांनी एकाच सायकलवर बसायला छान वाटतं.

घरी टँडेमची सवय असेल तरच. पुढे बसणाऱ्याला दोघांचं वजन खडीच्या उतारावर सांभाळावं लागतं आणि मागच्याला समोर काय आहे ते दिसत नाही. पहिलाच प्रयोग करायचा असेल तर तो लुक्काच्या तटबंदीवर करा.

१०. सकाळी किती वाजता निघायचं आणि दिवस कसा बेतायचा?

दिवस दुपारच्या जेवणाभोवती बेता. गावातल्या खानावळींची चूल साधारण साडेबारा ते अडीच एवढीच चालू असते. पावणेतीनला पोचलात तर तुम्ही कितीही लांबून आलेले असा, जेवण मिळणार नाही, संध्याकाळी साडेसातपर्यंत थांबावं लागेल. वाणसामानाची दुकानंही दुपारी एक ते चार-साडेचार बंद असतात. काही खानावळी सोमवारी किंवा मंगळवारी बंद असतात, आणि रविवारी दुपारी इटालियन कुटुंबं घरातल्या सगळ्यांना घेऊन जेवायला बाहेर पडतात, तेव्हा टेबल आधी सांगून ठेवा.

आम्ही आठच्या सुमारास बारमध्ये उभ्याउभ्या कापुचीनो आणि एक गोड कोर्नेत्तो खाऊन निघतो. काउंटरवर उभं राहून घेतलेली कॉफी टेबलावरच्या कॉफीपेक्षा बहुतेक ठिकाणी स्वस्त पडते. साडेदहापर्यंत पिएन्झा. हे गाव बघायला दीड-दोन तास हवेत. पोप दुसरे पायस यांचा जन्म इथलाच, तेव्हा याचं नाव कोर्सिन्यानो होतं. १४५९ पासून त्यांनी बेर्नार्दो रोस्सेलिनो या वास्तुकाराकडून गावाचा मधला भाग नव्यानं बांधून घेतला: चौक, चर्च, राजवाडा, सगळं एका आराखड्यात. राजवाड्याच्या मागच्या सज्जातून थेट मोंते आम्याता दिसतो. तटाजवळच्या गल्ल्यांची नावं 'प्रेमाची गल्ली' आणि 'चुंबनाची गल्ली' अशी आहेत. जोडीनं आलेले सगळेच तिथे पाटीखाली उभे राहून फोटो काढतात, तुम्हीही काढा.

जेवून अडीचला निघालात की उतार आणि सपाटी उरते. चारपर्यंत बान्यो विन्योनी. या गावाच्या चौकात फरशी नाही, तिथे गरम पाण्याचा मोठा चौकोनी तलाव आहे. झऱ्यातून ते पाणी पन्नासेक अंशाला वर येतं आणि सकाळच्या गारठ्यात तलावावर वाफ तरंगते. फ्लॉरेन्सचा राज्यकर्ता लोरेन्झो द मेदिची आणि सिएनाची संत कातेरीना दोघांचं नाव या पाण्याशी जोडलेलं आहे. तलावात उतरायला बंदी आहे. पण तेच पाणी गावाच्या कडेनं दगडी पाटांतून खाली जुन्या पाणचक्क्यांकडे जातं, आणि तिथे बूट काढून काठावर बसता येतं. तोवर पाणी कोमट झालेलं असतं. दिवसभर पेडल मारलेल्या पिंढऱ्यांना इतकं सुख दुसरं कुठे मिळत नाही. घाई करू नका, पुढे फक्त शेवटचा चढ उरलेला असतो.

११. आम्ही शाकाहारी आहोत. खायला काय मिळेल?

पोटभर मिळेल. इथली खासियत म्हणजे पीची: मैदा आणि पाण्याची कणीक हातानं वळून केलेल्या, आपल्या शेवेहून बऱ्याच जाड, लांब शेवया. कारखान्यात पाडलेल्या पास्त्यासारख्या त्या एकसारख्या नसतात. एका टोकाला जाड, मधे बारीक, परत जाड. त्यामुळे रस्सा प्रत्येक घासाला वेगळा लागतो. 'अल्यिओने' म्हणजे मोठ्या लसणाचा आणि टोमॅटोचा रस्सा, 'काच्यो ए पेपे' म्हणजे चीज आणि मिरपूड, 'ब्रिचोले' म्हणजे तेलात परतलेला पावाचा चुरा. तिन्हींत मांस नसतं. शिळा पाव घालून शिजवलेलं भाज्यांचं दाट सूप, रिबोल्लीता, तेही मागवा, फक्त ते मांसाच्या पाण्यात शिजवलंय का ते विचारून घ्या. टस्कनीच्या पावात मीठ नसतं. पहिल्या घासाला अळणी लागतो, चीजबरोबर खाल्लात की का ते कळतं.

'सेन्झा कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणणं पुरत नाही. डुकराच्या मांसाचे पातळ काप कित्येकांच्या लेखी मांसात मोडत नाहीत. म्हणून 'सेन्झा प्रोश्युत्तो, सेन्झा पेशे', म्हणजे ते काप नकोत आणि मासेही नकोत, हेही जोडा. फोकाच्या या चपट्या पावात कधी कधी डुकराची चरबी असते, तिचं नाव 'स्त्रुत्तो'.

चीजचा मुद्दा कडक शाकाहारींसाठी महत्त्वाचा आहे. पिएन्झाचं मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो प्रसिद्ध आहे, पण दूध नासवायला त्यात बहुतेकदा कोकराच्या किंवा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, पार्मेजानोमध्ये वासराचं. ते चालत नसेल तर दुकानात 'कालियो वेजेताले' विचारा. वनस्पतीजन्य रेनेटची चीजंही मिळतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी सरळ पावाबरोबर टोमॅटो, फळं, अक्रोड असा शिदोरीचा बेत करावा आणि दुकान दुपारी बंद व्हायच्या आत खरेदी उरकावी.

बिलात 'कोपेर्तो' नावाची माणशी छोटी रक्कम दिसेल. ती बसण्याची असते, चूक नव्हे.

१२. वाटेत पिण्याचं पाणी मिळतं का?

गावात मिळतं, मधल्या रस्त्यावर जवळजवळ नाही. चौकातल्या नळांचं पाणी पिण्याचंच असतं; 'नोन पोताबिले' अशी पाटी असेल तर पिऊ नका. एक कामाची गोष्ट: गावाबाहेरच्या दफनभूमीत फुलांना पाणी घालायला नळ असतो आणि सायकलवाले तिथे बाटल्या भरून घेतात. पाटी बघा, आवाज न करता आत जा, फाटक लावून बाहेर या. प्रत्येकी दोन बाटल्या बाळगा, उन्हाळ्यात तीन.

१३. कपडे काय घालावेत? आणि स्वच्छतागृहाचं काय?

पॅड असलेली सायकलची चड्डी घाला, तिच्या आत दुसरं काही घालू नका; शिवणी काचतात. वरून सैल पँट चालते. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, म्हणून दोघांनी एकेक पातळ ओढणी किंवा पंचा जवळ ठेवावा. उन्हातही तो उपयोगी पडतो.

स्वच्छतागृहासाठी बार हाच आधार आहे. एक एस्प्रेसो घ्या आणि विचारा. गावातून निघताना गरज असो-नसो जाऊन या, कारण मधल्या उघड्या शेतांत आडोसाच नसतो. पाळीचे दिवस असतील तर फेरी सान क्विरिको ते पिएन्झा आणि परत एवढीच ठेवता येते; त्यातही दिवस छान जातो.

१४. शेजारी शेजारी, गप्पा मारत चालवता येईल ना? आणि रहदारीचे नियम?

गावाबाहेर नाही. इटलीच्या कायद्यानुसार वस्तीबाहेर सायकलस्वारांनी एकामागे एकच जायचं. सवलत फक्त दहा वर्षांखालचं मूल उजव्या बाजूला असेल तर. वस्तीत, रहदारीला अडचण होत नसेल तेव्हा, दोघं शेजारी चालतात. गप्पा थांब्यांसाठी ठेवा.

रहदारी उजव्या बाजूनं असते, आणि चुका होतात त्या सकाळी नव्हे, जेवून पुन्हा निघताना. रिकाम्या रस्त्यावर हात आपोआप डावीकडे वळतात. निघताना एकानं मोठ्यानं 'उजवीकडे' म्हणायची सवय ठेवा. मोठ्यांना हेल्मेटची कायद्यानं सक्ती नाही, पण खडीवर ते घालाच. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून वस्तीबाहेर चमकणारं जाकीट आणि दिवे लागतात. बोगद्यात ते जाकीट दिवसाही लागतं. महामार्ग आणि मोठे द्रुतगती रस्ते सायकलला बंद आहेत. फोनवरचा नकाशा कारवर नव्हे, सायकलवर लावलाय ना ते पाहा.

१५. मोंताल्चीनो जवळच आहे. वाइन चाखून सायकल चालवली तर?

रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि ती सायकलस्वारालाही लागू आहे. खडीचा उतार पुढे असताना जेवणात ग्लासभरही नको, असं माझं मत आहे. ब्रुनेल्लो या तिथल्या वाइनची बाटली विकत घेऊन मुक्कामाला उघडा. शिवाय मोंताल्चीनो साडेपाचशे मीटरच्या वर आहे, ते या फेरीत बसत नाही. त्यासाठी दुसरा दिवस काढा.

१६. आदल्या रात्री पाऊस पडला. जावं का?

जा, पण डांबरी रस्त्यानं. या भागातली माती राखाडी चिकणमाती आहे. ओली झाली की ती टायरला थरावर थर चिकटते, मग ब्रेक आणि चौकटीच्या मधल्या फटीत ठासून भरते, आणि काही मीटरांत चाक फिरायचंच थांबतं. सायकल उचलावी तर वजन दुप्पट, आणि बुटांच्या तळालाही तोच लगदा. काडीनं कोरून काढल्याशिवाय निघत नाही, पाण्यानं तर आणखी पसरतो. खडी घट्ट दबलेले मोठे पांढरे रस्ते पाऊस थांबल्यावर काही तासांत वापरता येतात. शेतांमधून जाणाऱ्या मातीच्या वाटा एक-दोन उन्हाचे दिवस मिळेपर्यंत नकोत. विताल्येताऐवजी पिएन्झाचा डांबरी रस्ता धरा. त्यावर गाड्या असतात, म्हणून सकाळी लवकर निघा.

१७. कुत्री आणि शिकारी यांची भीती वाटते. खरंच धोका आहे का?

मेंढ्यांची राखण करणारी मोठी पांढरी मारेम्मा कुत्री कळपाजवळ असतात. ती कळपापासून तुम्हाला लांब ठेवायला धावून येतात. वेग वाढवू नका. खाली उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मधे धरा, शांतपणे चालत लांब जा. दोघांनी एकाच बाजूला राहा. दगड उचलू नका.

शिकारीचा हंगाम साधारण सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी देशभर शिकार बंद असते, तेव्हा शरद ऋतूत जाणाऱ्यांनी शक्य तर हेच वार धरावेत. इतर दिवशी भडक रंगाचे कपडे घाला आणि झाडीतली वाट सोडून मुख्य पांढऱ्या रस्त्यावर राहा.

१८. आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो, रोज सायकलनंच जातो. आम्हाला तयारी लागेल का?

सीटची सवय आहे, हे मोठंच काम झालेलं आहे. उरतात चढ आणि उतार. चढासाठी एखादा पूल किंवा बांध पुन्हा पुन्हा चढून सोपा गिअर आधीच टाकायची सवय करा; चढ सुरू झाल्यावर ताणात गिअर बदलला तर चेन उतरते. पेडल उलटं फिरवून ब्रेक लागणाऱ्या सायकलीची सवय असेल तर इथे हातांचेच ब्रेक आहेत, हे पहिल्याच उतारावर आठवायला हवं.

१९. लेरोइकाचा मार्ग एका दिवसात करता येईल का?

दोघांनी मजेत करायचा दिवस म्हणून नाही. लेरोइका ही जुन्या सायकली घेऊन पांढऱ्या रस्त्यांवरून जायची फेरी १९९७ मध्ये क्यांती भागातल्या गायोलेत सुरू झाली. हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हा तिच्यामागचा हेतू होता, आणि ते आज उरले आहेत त्यात तिचा वाटा मोठा आहे. तिचा कायमस्वरूपी मार्ग २०९ किलोमीटरचा आहे, तपकिरी पाट्या लावलेला, वर्षभर खुला. त्यातला ब्वोनकोन्व्हेंतो ते मोंताल्चीनो हा तुकडा एका दिवसाला भरपूर होतो. चढ वाल दोर्चाच्या फेरीपेक्षा बराच मोठा आहे.

२०. स्वतःच्या सायकली आगगाडीतून नेता येतात का?

प्रादेशिक गाड्यांत, वेळापत्रकात सायकलचं चिन्ह असेल तर. सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं. जवळचं स्टेशन ब्वोनकोन्व्हेंतो, सिएना ते ग्रोस्सेतो मार्गावर; तिथून सान क्विरिकोपर्यंतचा चढाचा रस्ता दिवसात धरावा लागतो. डब्यातल्या जागा मोजक्याच असतात आणि दोन सायकलींना एकदम जागा मिळेलच असं नाही, म्हणून शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरा. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर दंड होतो.

२१. एकाची सायकल बिघडली, किंवा एकाला मधेच पुढे जाणं अशक्य झालं, तर?

पंक्चर दोघांनाही काढता यायला हवं, एकालाच नव्हे. निघण्याआधी घरी एकदा चाक काढून ट्यूब बदलून बघा. वॉल्व्ह बारीक आहे की जाड ते पाहून तशीच जादा ट्यूब घ्या.

चेन तुटली किंवा गुडघा दुखायला लागला तर बस हा उपाय धरू नका, सायकली घेत नाहीत. टॅक्सी गावोगावी नसतात. म्हणून सायकल भाड्यानं घेतानाच विचारा की अडल्यास गाडी घेऊन येता का, कोणत्या वेळेपर्यंत आणि किती पैसे. तो नंबर दोघांच्या फोनमध्ये हवा, कारण खोऱ्यात काही ठिकाणी एकाच कंपनीची रेंज येते. नकाशा दोन्ही फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही. शेवटचं एकत्र असलेलं गाव, तिथला चौक, तिथेच थांबायचं, हे सकाळीच ठरवा.

लागलं असेल तर ११२. हा नंबर फुकट आहे. शेंगेन व्हिसासाठी काढलेला ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा तुमच्याजवळ असेलच. त्यात सायकल आणि ई-सायकल वगळलेली नाही ना, हे पॉलिसीच्या अटींत निघण्यापूर्वी वाचा. पासपोर्टचा फोटो आणि विम्याचा नंबर दोघांनी वेगवेगळा जवळ ठेवा, एकाच्या पिशवीत दोन्ही नको.